बिब्ब्याची जागा

दसऱ्याच्या दिवशी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, गेवराईतल्या माझ्या बालरुग्णालयाच्या तळमजल्यावर, मी चार लाख ऐंशी हजार रुपयांचा धनादेश कंपनीच्या विक्रेत्याच्या हातात दिला. हजर माणसं पाच. मी, माझी बायको मंजिरी, आमच्या शोभा सिस्टर, तो विक्रेता आणि नाकात हरभऱ्याची डाळ घालून आलेला साडेतीन वर्षांचा एक पेशंट. त्याची आई बाहेर केसपेपर काढत होती. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण सगळा सोहळा त्याने शेवटपर्यंत बघितला. डाळ अकरा पस्तीसला काढली.

घेतलं ते सोनोग्राफीचं छोटं यंत्र. लॅपटॉपएवढं, चाकांच्या गाड्यावर बसवलेलं, हवं तर उचलून कडेवर घेता येईल असं. वजन पावणेपाच किलो. मंजिरी शाळेत गणित शिकवते. ती यंत्राभोवती एक फेरी मारून म्हणाली, "एवढ्यात जुना ट्रॅक्टर आला असता. ट्रॅक्टर निदान भाड्यानं देता येतो." शोभा सिस्टर तोवर हळद-कुंकू आणि झेंडू घेऊन आल्या होत्या. त्यांनी पहिलं बोट यंत्राच्या प्रोबकडे नेलं. प्रोब म्हणजे साबणाच्या वडीएवढा तो भाग, जो पेशंटच्या अंगावर फिरवायचा असतो. सगळ्यात महागही तोच. विक्रेता किंचाळला, "मॅडम, तिथं नको! वॉरंटी जाईल!"

"दसरा हाय," सिस्टर म्हणाल्या. "हत्याराला कुंकू लावलं न्हाई तर हत्यार वरीसभर रुसतंय."

शेवटी कुंकू चाकाला लावलं. यंत्र अजून रुसलेलं नाही. चूक झाली ती माझी झाली, आणि तेवढी एक सांगण्यासाठी हे सगळं लिहितो आहे.

आधी हे यंत्र लहान मुलांच्या तातडीच्या खोलीत करतं काय, ते सांगतो. मोठ्या शहरात सोनोग्राफी म्हणजे वेगळी खोली, अंधार, रांग, आणि संध्याकाळी मिळणारा अहवाल. आमचा प्रकार तसा नाही. आम्ही पेशंट तपासता तपासता प्रोब टेकवतो आणि यंत्राला एकच प्रश्न विचारतो, ज्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं. फुफ्फुसाभोवती पाणी आहे का? हृदय जोरात पिळतंय की नुसतं थरथरतंय? मूत्राशयात लघवी आहे, की पोराला सकाळपासून झालीच नाही? यंत्र आवाज आत पाठवतं, परत आलेल्या आवाजाचं चित्र काढतं. पाणी काळं दिसतं, हाड पांढरं. हवा मध्ये आली की सगळं धुकं. आणि लहान मुलाचं पोट म्हणजे निम्मी हवाच असते, त्यातून रडणारं पोर दर श्वासाला आणखी थोडी गिळतं. त्यामुळे या कामात निम्मं कौशल्य प्रोब फिरवण्याचं आणि निम्मं पोर गप्प करण्याचं. पहिलं मी शिकलो, दुसरं शोभा सिस्टरांकडं उपजत आहे. जेलची बाटली त्या स्वतःच्या डब्यातल्या गरम पाण्यात बुडवून ठेवतात. एकदा भाजीत बुडाली होती. त्या दिवशी तपासलेल्या चार पोरांच्या पोटांना मेथीचा वास येत होता, एकही रडलं नाही.

यंत्र घ्यायच्या आधी परवानगी घ्यावी लागते. मला सात महिने लागले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सोनोग्राफीनं पोटातल्या मुली शोधून काय केलं जातं हे आमच्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको, आमचं नाव त्या कारणानं एकदा राज्यभर झालेलं आहे. म्हणून यंत्राची नोंदणी होते, दारावर पाटी लागते, आणि दर महिन्याला अहवाल जातो. किती गरोदर बायका तपासल्या? मी दर महिन्याला लिहितो, शून्य. मी मुलांचा डॉक्टर, दुसरं काय लिहिणार.

पण लोकांचा विश्वास बसत नाही. यंत्र आल्याच्या नवव्या दिवशी आमच्या भागातले एक पुढारी आले. त्यांना सगळे अप्पा म्हणतात, आपणही तेवढंच म्हणू. सोबत कार्यकर्ता, पेढ्यांचा पुडा.

"डॉक्टर, मशीन घेतली म्हणं. लई ब्येस झालं," अप्पा म्हणाले. "आमच्या सूनबाईला जरा दाखवावं म्हणलं."

"काय होतंय त्यांना?"

"होत काय न्हाई. पाचवा चालू हाय."

"वय किती?"

"आसंल तेवीस."

"अप्पा, मी अठरा वर्षांपर्यंतच बघतो."

"आवो, तिच्या पोटातलं तर अठराच्या आतलंच हाय की!"

कार्यकर्ता हसला. मी पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "हे मशीन जन्मल्यानंतर चालू होतं. जन्मू द्या, खोकला झाला की आणा."

"मग कावून घेतली येवढ्या पैशाची?" अप्पांनी मनापासून विचारलं आणि पेढ्यांचा पुडा घेऊन परत गेले. पुढं नात झाली. तिला खोकला झाला तेव्हा माझ्याकडेच आणली. फुफ्फुस स्वच्छ होतं.

आता माझ्या स्वभावाबद्दल, कारण पुढच्या घोटाळ्याचं मूळ तिथंच आहे. मला रकाने पूर्ण भरायची सवय आहे. नोंदणीच्या अर्जात 'यंत्राची जागा' असा एक रकाना होता. शहाण्या माणसानं तिथं रुग्णालयाचं नाव-पत्ता लिहिला असता. मी लिहिलं, 'तळमजला, तातडीची खोली, पूर्वेची भिंत, खिडकीपासून चार फूट.' अर्ज मंजूर झाला आणि मी माझ्याच अक्षरात अडकलो. आमचा वॉर्ड पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिन्याला एकोणीस पायऱ्या. यंत्र वर नेलं आणि नेमकी तपासणी आली, तर लिहिलं एक आणि केलं भलतंच असं होईल, ते मला चालणार नव्हतं. त्यामुळे जगात जिथं यंत्र खाटेजवळ नेतात, तिथं आमच्याकडे पेशंट सलाईनसकट यंत्राजवळ उतरवला जाई.

"डॉक्टर," शोभा सिस्टर एकदा दम खात म्हणाल्या, "मशीनला चाकं हायत. पोराला अजून पाय फुटले न्हाईत. तरी पोरानंच खाली यायचं व्हय?"

मी म्हणालो, अर्ज दुरुस्तीचं बघू. बघू म्हणालो की माझ्याकडून लवकर होत नाही, हे मंजिरी सांगेल.

यंत्र घेतलं म्हणजे बघता येतंच असं नाही. मी प्रशिक्षण घेतलं, तरी पहिले काही महिने मला पडद्यावर कधी ढग दिसायचे, कधी नांगरलेलं रान. म्हणून मी बीडच्या डॉ. अन्सारींशी करार केला. अन्सारी माझा वर्गमित्र, क्ष-किरण आणि सोनोग्राफीचा तज्ज्ञ. मी अडलो की चित्रफीत त्याच्या फोनवर पाठवायची, त्याने मत द्यायचं. मी म्हणालो, दोस्तीत करशील ना?

"दोस्ती वेगळी, मत वेगळं," अन्सारी म्हणाला. "फुकटचं मत कुणी ऐकत नाही, मियाँ. तू तर अजिबात नाही. माझ्या मतानं तुझं निदान बदललं तर दोनशे रुपये. नाही बदललं तर काही नको."

मला ही अट इतकी आवडली की मी ती रुग्णालयाचा नियमच करून टाकली. ज्याच्या मतानं माझं निदान बदलेल त्याला दोनशे रुपये, त्याच आठवड्यात, पाकिटात. अन्सारीनं आजवर एकोणीस पाकिटं नेली. एक शोभा सिस्टरांनी नेलं. मी एका बाळाची शीर यंत्रानं शोधत असताना, मी बघत होतो ती शीर नसून धमनी आहे, हे त्यांनी नुसतं बोट ठेवून सांगितलं होतं. "उड्या मारती की ती," म्हणाल्या.

यंत्रात एवढे पैसे घालायचं खरं कारण मात्र मी मंजिरीशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या पहिल्या नोकरीत, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, नऊ महिन्यांची एक मुलगी आली होती. रडायची, मध्येच शांत व्हायची, उलट्या, मग शौचातून रक्त. मी आव समजून दीड दिवस औषध दिलं. आव नव्हती. आतड्यात आतडं शिरलं होतं. शर्टाची बाही उलटी काढताना आतल्या आत अडकते, तसं आतड्याचा एक तुकडा पुढच्या तुकड्यात सरकतो आणि तिथं आवळला जातो. लवकर कळलं तर खालून पाण्याचा दाब देऊन तो परत बाहेर ढकलता येतो, टाकाही लागत नाही. उशीर झाला की अडकलेला तुकडा मरतो, मग कापायचा. तिचं बावीस सेंटीमीटर आतडं कापावं लागलं. ती जगली, आता तिचं लग्नही झालं. पण बावीस हा आकडा माझ्या डोक्यातून गेला नाही. आजही पट्टीवर नजर गेली की माझा डोळा बाविसावर थांबतो. सोनोग्राफीत हा आजार ओळखता येतो, आणि तो मला माझ्या हातानं ओळखायचा होता.

आता चकलांब्याचे लिंबाजी.

पौष महिना होता. सकाळी नऊ चाळीसला एक जीप दारात थांबली. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी, पासष्टीचा उंच माणूस उतरला. मागून वीस-एकवीस वर्षांची सून, पूजा, आणि तिच्या कडेवर आठ महिन्यांची नात, आरोही. वजन सात किलो दोनशे ग्रॅम. घरची मेंढरं, पोरीचा बाप कळप घेऊन गोदाकाठाला गेलेला.

"पहाटंपून रडती," लिंबाजी म्हणाले. "रडती, रडती, मधीच गपगार पडती. दोन बार वकली."

मी झबलं वर केलं आणि माझं डोकं फिरलं. पोटावर उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली, बिब्ब्याचे पाच काळे डाग. कातडी भाजून फोड आलेले, एक फुटलेला. पोर रडलं की बिब्बा तापवून त्याच्या तेलाचे चटके द्यायचे, ही आमच्याकडची जुनी खोड. यावर माझं एक ठरलेलं भाषण आहे, आणि भिंतीवर पाटीही होती, माझ्याच अक्षरात: 'बिब्बा लावून आणलेल्या बाळाच्या पालकांना आधी बोलणी बसतील, मग तपासणी होईल.' लोक वाचून हसत. मला ती पाटी फार चांगली जमली आहे असं वाटे.

मी भाषण केलं. नऊ चव्वेचाळीस ते नऊ बावन्न, आठ मिनिटं. कुणी लावला, कशाला लावला, फोडातून विष पसरलं तर, पुन्हा लावाल का. पूजा खाली मान घालून उभी. लिंबाजी एकटक माझ्याकडे बघत होते, वळू बघावा तसे. लावला होता घरी राहिलेल्या आजीनं, सोजरबाईंनी.

मग मी प्रोब घेतला. हा आजार डोक्यात होताच, नाही असं नाही. पण त्या फोडांवर जेल आणि प्रोब दाबायचा म्हणजे पोरीचे हाल. मी प्रोब सगळीकडे फिरवला. डावीकडे, खाली, बेंबीभोवती, उजवीकडे अगदी डागांच्या कडेपर्यंत. सगळीकडे हवा आणि नीट हलणारं आतडं. तेवढ्यात ती रडायची थांबून चक्क झोपली. मी म्हणालो, "पोटात वारा धरलाय. त्यात या चटक्यांची आग. वर ठेवा, सलाईन लावू, बघू."

दहा वाजता आरोही एकोणीस पायऱ्या चढून वर गेली. मी वहीत लिहिलं, 'गॅस.'

दहा वीसला मी वर फेरीला गेलो. ती पुन्हा रडत होती, पाय पोटाशी ओढून. लिंबाजी खाटेच्या पायथ्याशी उकिडवे बसले होते. उठले.

"सायेब, एक बोलू का? रागावनार न्हाईत?"

"बोला."

"तुमी समद्या पोटावरून त्ये फिरवलं. बिब्ब्याचं तेवढं सोडलं."

"तिथं भाजलंय बाबा. झोंबलं असतं तिला."

"झोंबू द्यायचं की वो. म्हातारीनं बिब्बा तिथंच कावून लावला? जिथं हात ठिवला की प्वार वराडतंय, तिथं लावला. आमी मेंढराचं बी आसंच बघतो. जिथं त्ये हात लावू देत न्हाई, तिथंच कायतर आसतंय. तुमी जिथं लावू देतंय तिथंच बघितलं."

ते डागांकडे बोट करून म्हणाले, "बिब्बा चुकला आसंल म्हातारीचा. जागा न्हाई चुकली."

वैद्यकाची पुस्तकं मी भरपूर वाचली आहेत. हे वाक्य त्यांच्यात नव्हतं.

"आन मघा मी सांगणार हुते," पूजा पहिल्यांदाच बोलली, "की तिथं गाठ लागती हाताला. पन तुमी बिब्ब्यावर बोलत हुता."

मी शोभा सिस्टरांकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, जिन्याकडे बघत होत्या. यंत्र खाली, पूर्वेच्या भिंतीशी, खिडकीपासून चार फुटांवर. पावणेपाच किलोचं यंत्र वर आणायचं, की सात किलो दोनशे ग्रॅमचं आजारी पोर खाली न्यायचं? नियम माझाच होता. मी तोंड उघडायच्या आत लिंबाजींनी पोरीला छातीशी धरलं. सिस्टरांनी सलाईनची बाटली उंच धरली. आणि दोघं पायऱ्या उतरायला लागले. शेवटच्या पायरीवर सिस्टर मागं न बघता म्हणाल्या, "ह्यो जिना कुनीतरी अर्जात लिवायला पायजेल हुता."

मी प्रोबवर निर्जंतुक हातमोजा चढवला, जेल भरपूर घेतली, प्रोब न दाबता अलगद तरंगता ठेवला. फुटलेल्या फोडाच्या बरोबर खाली, दहा वाजून सव्वीस मिनिटांनी, ते दिसलं. आडवा चिरलेला कांदा. वळ्यात वळं, वळ्यात वळं. मोजलं, एकतीस मिलीमीटर. मघाशी मी त्याच्यापासून दोन बोटांवरून परत फिरलो होतो. पहिल्या तपासणीपासून चौतीस मिनिटं गेली होती. माझ्या डोळ्यांपुढं तेव्हा एकच आकडा, बावीस.

चित्रफीत अन्सारीला पाठवली. त्याचा फोन चाळीस सेकंदांत आला. "आतड्यात आतडं. मला काय विचारतोस? भेज अभी के अभी." मग म्हणाला, "हे तू आधीच ओळखलंयस. माझं पाकीट नको."

हे वारंवार सांगावं लागतं की यंत्र आजार दाखवतं, बरा करत नाही. आतडं सोडवायचं काम बालशल्यचिकित्सकाचं, ऑपरेशनची तयारी हाताशी ठेवून करायचं. ते संभाजीनगरला. फोन केला, ते तयार होते. मी लिंबाजींना शर्टाची बाही उलटी करून दाखवली, आत काय झालंय ते सांगितलं. म्हणालो, "मुलाला फोन लावून विचारायचं का?"

"त्याला काय इचारायचं? त्यो मेंढरामागं हाय. पोरीच्या पोटात गाठ हाय. गाडी बोलवा."

गाडी दहा पन्नासला सुटली. जाताना त्यांनी घोंगडी पूजाच्या अंगावर टाकली आणि मला म्हणाले, "जागा ध्यानात हाय न्हवं? तिकडच्या डाक्टरला सांगा. त्यो बी चुकवील."

मी चिठ्ठीत चित्र काढून, मोजमापं लिहून दिली होती. तरी फोन करून पुन्हा सांगितलं.

त्यानंतरचे तीन तास मी एकवीस पेशंट तपासले. कुणाला काय झालं होतं हे केसपेपर बघितल्याशिवाय सांगू शकणार नाही. एका बापाला मी एकच औषध दोनदा समजावलं. तो म्हणाला, "डॉक्टर, पहिल्यांदाच समजलं हुतं." मधल्या वेळात मी भिंतीवरची पाटी काढली. खिळा जुना होता, प्लास्टर सोबत आलं. दीड वाजता फोन वाजला, तो जेलच्या बाटल्यांचा दर सांगणारा निघाला. त्याच्याशी मी जे बोललो ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. त्याची मी नंतर माफी मागितली.

एक पन्नासला खरा फोन आला.

"सुटलं," शल्यचिकित्सक म्हणाले. "दुसऱ्या प्रयत्नाला सरकलं मागं. कापायला लागलं नाही."

"किती गेलं?"

"काय किती गेलं?"

"आतडं. सेंटीमीटरमध्ये."

"अहो, कापलंच नाही म्हटलं ना! शून्य."

दर महिन्याला अहवालात मी शून्य लिहितो, कुणी बघत नाही. हे शून्य मी उभ्यानं ऐकलं आणि मग स्टुलावर बसलो. शोभा सिस्टरांनी चहा दिला. चहात साखर नव्हती. मी प्यायलो. त्यांनी सांगितल्यावर कळलं.

त्या आठवड्यात तीन गोष्टी केल्या. वहीत 'गॅस' खोडलं नाही, त्याच्यापुढं कंस करून खरं निदान आणि 'चौतीस मिनिटं' लिहिलं. यंत्राच्या जागेची दुरुस्ती करून रीतसर अर्ज दिला: 'तळमजला व पहिला मजला, रुग्णाची खाट असेल तिथे.' त्याला मात्र सात महिने लागले नाहीत, फक्त मी मागायला हवं होतं. आणि नवी पाटी लावली: 'आधी तपासणी, मग बोलणी.' बोलणी अजून बसतात. बिब्बा वाईटच आहे, त्यावर माझं मत बदललेलं नाही. बदल एवढाच की आता डाग दिसला की प्रोब आधी तिथं जातो. त्यानंतर डाग घेऊन आलेली अकरा पोरं तपासली. नऊ ठिकाणी खाली काही नव्हतं. दोन ठिकाणी होतं.

लिंबाजी नवव्या दिवशी आले. आरोही पूजाच्या कडेवर, हातात कुरमुरे, डागांवर खपल्या. त्यांनी बिल मागितलं. सिस्टरांनी काढून दिलं. ते सुनेकडून वाचून घेऊन म्हणाले, "मशीन दोन बार फिरवली. ह्यात येकच बार धरलीय."

"पहिल्यांदा चुकीचं सांगितलं. त्याचे पैसे नाहीत."

"बरं," म्हणाले, आणि बिल चुकतं केलं. घासाघीस नाही, उपकाराची भाषा नाही. मग मी खणातून पाकीट काढून त्यांच्यापुढं धरलं.

"ह्ये काय?"

"दोनशे रुपये. तुमच्या मताचे. तुमच्या सांगण्यानं माझं निदान बदललं. आमच्याकडे नियम आहे."

त्यांनी पाकीट उलटंसुलटं केलं, मग शोभा सिस्टरांना विचारलं, "बाई, ह्यांला बरं हाय न्हवं?"

"आसंच हायत," सिस्टर म्हणाल्या. "घ्या. मी बी घेतलेत."

लिंबाजींनी शंभराच्या दोन नोटा काढल्या. एक मुंडाशात खोवली. दुसरी टेबलावर ठेवली.

"बोट मव्हं हुतं, त्याचे घेतले. जागा म्हातारीनं दावली. ह्ये तिचे. मी न्हेऊन देतो, पन पाकिटावर तिचं नाव लिवा. न्हाईतर म्हनंल, म्हाताऱ्यानं खाल्ले."

मी पेन हातात घेऊन थांबलो. वीस वर्षं बिब्ब्याविरुद्ध बोलत आलो. आता बिब्बा लावणाऱ्या बाईला माझ्या हातानं तज्ज्ञाची फी. पूजानं तोंडाला पदर लावला होता. सिस्टर तर उघडच हसत होत्या. पण नियमात 'शिकलेल्याच्या मतानं' असं मी लिहिलेलं नव्हतं, आणि रकाना अर्धा सोडायची मला सवय नाही. दुसरं पाकीट काढलं, नाव घातलं, आणि नावाखाली एक ओळ ठळक लिहिली, घरी गेल्यावर पूजानं मोठ्यानं वाचून दाखवावी म्हणून.

तर अखेर अदा झाले ते असे: लिंबाजी, चकलांबा, रुपये शंभर, बोटाचे. सोजरबाई, चकलांबा, रुपये शंभर, जागेचे. आणि ठळक अक्षरांत: बिब्ब्याचा एक पैसाही नाही.